वतनाचा अर्ज

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून, बोललो तसेच, थोडे नीट करून लिहून दिले आहे.)



मी काही प्राध्यापक नाही. मिलच्या रिंग खात्यात तेवीस वर्षे काढलेला कामगार आहे. जे थोडेफार वाचले ते रात्रपाळी संपवून वाचले. तेव्हा बोलण्यात कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीतला एक मुलगा माझ्याकडे आला. चाकणला कंपनीत कामाला आहे. हातात गावच्या जमिनीचा जुना सातबारा होता. त्यावर लिहिलेले होते, 'महार वतन, इनाम वर्ग ६-ब'. तो म्हणाला, "काका, आपल्याला इनाम मिळालं होतं? मग आपण गरीब कसे?" मला हसू आले. पण त्या रात्री झोप काही लागली नाही. कारण पोराचा प्रश्न बरोबर होता. इनाम म्हणजे बक्षीस. आपल्याला बक्षीस कशाचे मिळाले, आणि ते खाल्ले कोणी? आज मला यावरच बोलायचे आहे.

बहामनी गेली, निजामशाही गेली, आदिलशाही गेली, शिवशाही आली, पेशवाई आली. तख्तावरचा माणूस बदलत राहिला, पण गावाचा गाडा बदलला नाही. तो वतनावर चालायचा. पाटलाला पाटीलकीचे वतन, कुलकर्ण्याला कुलकर्णाचे, परगण्यावर देशमुख-देशपांडे. आणि गावाच्या वेशीबाहेर राहणारा महार, तोसुद्धा वतनदारच. वतन म्हणजे बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे चालत येणारे काम आणि त्या कामाचा मोबदला. मोबदला म्हणजे जमीन, बलुते आणि मानपान.

वतनावरून त्या काळी जेवढी भांडणे झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. बाप मेला, मुलगा लहान राहिला, चुलत्याने वतन दाबले. किंवा गावावर धाड आली, वारस परागंदा झाला, वीस वर्षांनी परत आला तर त्याच्या जागेवर दुसराच बसलेला. मग तो वारस काय करी? दरबारात अर्ज करी. माझ्या बापाने, आज्याने अमुक वर्षे चाकरी केली, अमुक लढाईत माणसे पडली, आणि आता माझे वतन दुसरा खातो, तरी साहेबांनी न्याय करावा. मग गोतसभा बसायची. देशमुख, पाटील, बारा बलुतेदार यांच्या साक्षी होऊन महजर लिहिला जाई. साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर दिव्य करायला लावत. तापलेले लोखंड हातात घ्यायचे, नाहीतर उकळत्या तेलात हात घालायचा. हात भाजला तर दावा खोटा. एवढे करून जिंकला त्याच्याकडून सरकार हरकी घेई आणि हरला त्याच्याकडून गुन्हेगारी. म्हणजे कोणीही जिंको, सरकारची थैली भरायचीच. (आजच्या कोर्टकचेरीची आठवण झाली असेल तर तो तुमचा दोष नाही.)

आता ह्या सगळ्यात महार कुठे? दोन गावांच्या शिवेचा तंटा असला की महाराला बोलवत. शिवेवरची माती डोक्यावर घेऊन तो शिवेवरून चालायचा. जिथून तो गेला ती शीव. म्हणजे दुसऱ्याच्या वारशाचा निकाल ह्याच्या पावलांवर लागायचा. त्याचा शब्द एवढा खरा मानायचे, पण त्याला चावडीची पायरी चढू देत नसत. साक्ष द्यायला चालतो, पाणी प्यायला चालत नाही.

आपल्या जुन्या माणसांत अमृतनाकाची गोष्ट सांगतात. बेदरच्या बादशहाची राणी, कोणी म्हणतात शहजादी, शत्रूने पळवली. ती अमृतनाक महाराने सोडवून आणली. जाण्याआधी त्याने बादशहाकडे एक बंद डबी ठेवायला दिली होती. परत आल्यावर बादशहाच्या मनात संशय आला, तेव्हा डबी उघडून पाहिली आणि कळले की हा माणूस स्वतःला कायमचा नामर्द करून गेला होता, कोणी बोट दाखवू नये म्हणून. बादशहा म्हणाला, माग काय मागायचे ते. त्याने स्वतःसाठी काही मागितले नाही, जातीसाठी मागितले. म्हणून बावन्न हक्क मिळाले.

ही दंतकथा आहे. माझी आजी ती सांगताना रडायची. मी मोठेपणी विचार करू लागलो तेव्हा मला तिच्यात दुसरेच दिसले. एक तर, ज्याला मूल होणार नाही अशा माणसाच्या नावावर एवढ्या मोठ्या जातीचा वारसा लिहिलेला आहे. आणि दुसरे, ते बावन्न हक्क कोणते? मढ्यावरचे कापड. मेलेल्या जनावराचे कातडे. खळ्यावरचे सांडलेले धान्य. घरोघरची भाकरी. अहो, हे हक्क म्हणायचे की हलाखीची यादी? आपल्या पूर्वजाने एवढा मोठा त्याग केला आणि बदल्यात मढ्यावरचे कापड मागितले, हे माझ्या मनाला पटत नाही. मला वाटते ही गोष्ट म्हणजे आपल्या लोकांनी लिहिलेला अर्जच आहे. लिहिता येत नव्हते म्हणून गोष्ट करून ठेवली. आम्ही फुकट खात नाही, आमच्या माणसाने त्याची किंमत मोजली आहे, हे सांगायला दुसरा कागद नव्हता.

आता माझ्या घरचे सांगतो. चाकणच्या अलीकडे, खेड तालुक्यात आमचे गाव. माझे आजोबा गावचे येसकर. पाळी आली की हातात काठी घेऊन चावडीवर हजर. सरकारी साऱ्याची थैली तालुक्याला पोचवणे, कोणी मेले तर पाव्हण्यांच्या गावी सांगावा नेणे, साहेब आला तर त्याचे ओझे उचलणे, घोड्याला गवत आणणे, पाटलाच्या दारात लाकडे फोडणे, मेलेले ढोर ओढणे. दिवस-रात्र असा काही भेद नाही. आणि ह्याच्या बदल्यात काय? हाडोळ्याचा एक तुकडा, तोही सगळ्या भाऊकीत. वाटण्या करत करत माझ्या आजोबांच्या वाट्याला जे आले त्यात उभे राहून दोन्हीकडे दगड मारला तर दुसऱ्याच्या रानात पडायचा. राहिलेला पगार गावाने बलुत्यात द्यायचा. पीक बुडाले तर बलुते नाही. पाटील रागावला तर बलुते नाही. आणि काम? काम मात्र चुकत नाही.

आजोबा तालुक्याला गेले की त्यांची पाळी कोण करी? माझी आत्या. वय वर्षे दहा-बारा. चावडी लोटणे, गवताचा भारा आणणे, हाक आली की पळत जाणे. ती आज ऐंशीच्या घरात आहे. अजूनही अंधारात कोणी मोठ्याने हाक मारली की दचकून उभी राहते.

ह्या बिनपगारी चाकरीचा पहिला हिशेब आपल्या पलटणीतल्या माणसांनी मागितला. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई तुम्हाला ठाऊक आहे. इथून तासाभराच्या वाटेवर तो स्तंभ उभा आहे आणि त्यावर 'नाक' शेवटी असलेली बावीस नावे आहेत. ज्या सरकारसाठी ती माणसे पडली, त्याच सरकारने १८९२ साली महारांची लष्करभरती बंद केली. कारण काय, तर ही लढाऊ जात नव्हे! तेव्हा महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, यांनी १८९४ साली सरसेनापतींच्या नावाने अर्ज तयार केला. आमच्या वाडवडिलांनी चाकरी केली, आम्ही मुळात क्षत्रिय, दुष्काळात नको ते खावे लागले म्हणून आम्हाला बाहेर टाकले, तरी भरती पुन्हा सुरू करावी, असा त्याचा आशय. त्या जुन्या वतनदार वारसाची भाषा आणि ही भाषा ताडून बघा. धनी बदलला, अर्ज तोच.

पुढे आपल्या पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. बटलरची नोकरी करणारा माणूस, १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले. १९०३ साली त्यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली आणि १,५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे धाडला. सह्या म्हणजे बहुतेक अंगठेच असणार. एकेक अंगठा घ्यायला किती पायपीट झाली असेल! त्या वेळी मोटारी नव्हत्या, फोन नव्हता, आणि पाटलाला कळले तर अंगठा देणाऱ्याचे बलुते बंद. सरकारने त्या अर्जाला दाद दिली नाही. शिवराम जानबा थांबले नाहीत. १९१० साली त्यांनी थेट विलायतेला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज केला. त्यात मागणे काय होते? मोठे हुद्दे नव्हते. पोलिसात शिपाई, पलटणीत साधा सैनिक, सरकारी नोकरीतली सर्वांत खालची जागा. एवढ्यावर आम्ही समाधान मानू, असे लिहिले होते.

काही शिकलेली मुले आज हे वाचून नाक मुरडतात. म्हणतात, किती लाचारीची भाषा! मी त्यांना सांगतो, बाळांनो, भाषा बघू नका, हिशेब बघा. अंगठा उठवणारी माणसे आपल्या आज्या-पणज्याने काय दिले आणि सरकारकडून काय येणे आहे हे कागदावर मांडत होती. मिल बंद पडली तेव्हा आमचेही तसेच झाले. आधी आम्ही मालकाच्या दारात हात जोडून उभे. मग कोणीतरी सांगितले की १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा आहे, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार हा तुमचा घामाचा पैसा आहे. त्या दिवसापासून आमच्या अर्जातला 'विनंती' हा शब्द गेला आणि 'मागणी' आला.

भरतीचे पुढे असे झाले की १९१७ मध्ये, महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, सरकारला महार पुन्हा लढाऊ दिसू लागले. १११ वी महार पलटण उभी केली. लढाई संपली आणि १९२१ ला मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, पुन्हा लढाईच्याच काळात.

वतनाच्या गाठीला खरा हात घातला तो बाबासाहेबांनी. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. त्यांचे म्हणणे साधे होते. नोकर सरकारचा, तर पगार सरकारने द्यावा, गावाच्या मर्जीवर का ठेवता? बलुत्याची रक्कम ठरवा आणि साऱ्याबरोबर वसूल करा. ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता आली पाहिजे. नोकर एक असतो पण राबते सगळे घर, हेही त्यांनी तिथे सांगितले. ते वाचताना मला माझी आत्या दिसली. बिल कमिटीकडे गेले, तिथे त्याचे लचके तोडले, आणि २४ जुलै १९२९ रोजी बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या वेळी आपल्यातलेच कित्येक लोक वतन सोडायला तयार नव्हते. वतन गेले तर मान गेला, असे म्हणणारे आमच्याही भाऊकीत होते. कसला मान? पण दुसरे काही नावावर नसलेल्या माणसाला अपमानाचा कागदसुद्धा सोडवत नाही. त्यांना नावे ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पुढे सरकारने वतन जमिनींवरची जुडी वाढवली, तेव्हा १६ डिसेंबर १९३९ ला हरेगावला आणि १९४१ मध्ये सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. दोन्हीकडे बाबासाहेब होते. चाकरी तीच, पगार नाही, आणि वर सारा वाढवता?

शेवटी १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून महारकी संपली. येसकराची काठी आजोबांनी चुलीत घातली, असे आजी सांगायची. पण जमीन आपोआप मिळाली नाही. ती आधी सरकारजमा झाली. मग मुदतीत आकाराच्या तिप्पट रक्कम भरायची, तर ती वारसाला परत मिळणार. पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी फिटायची राहिली ती राहिली, आपणच पुन्हा पैसे भरा! आजीने हातातले चांदीचे गोठ मोडले आणि पैसे भरले. ती पावती आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजही आहे. ज्यांच्याकडे मोडायला काही नव्हते त्यांचे काय झाले ते आपण जाणता.

परत मिळालेली जमीन 'नवीन शर्ती'ची. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. तरुण मंडळींनी हे नीट ऐका, कारण पिंपरी-चिंचवड म्हणजे शेतांवर उभे राहिलेले शहर आहे. पिंपरीला अँटिबायोटिक्सचा कारखाना आला तो पन्नासच्या दशकात, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मग भोसरी, मग चाकण. जिथे बाजरी नीट येत नव्हती त्या हाडोळ्याला गुंठ्यावर भाव आला. मग गाडीतून माणसे येऊ लागली. मिठाईचा पुडा, स्टॅम्प पेपर, आजोबा इथे अंगठा द्या. वीस-पंचवीस हजारांत कुलमुखत्यारपत्र. २०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ उठला, तेव्हा पेपरात 'वतन' हा शब्द पुष्कळांनी पहिल्यांदा वाचला. आपल्याकडे त्याच्या छोट्या छोट्या आवृत्त्या वाडी-वस्तीवर कधीच होऊन गेल्या आहेत.

आता मला जे सांगायला जड जाते ते सांगतो. नुसता इतिहास सांगून घरी गेलो तर ती लबाडी होईल.

१८८६ साली सरकारने वतन कायद्यात एक दुरुस्ती केली होती. तिचा अर्थ असा की शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर घरातल्या कोणत्याही बाईचा नंबर घरातल्या सगळ्या पुरुषांच्या नंतर. मी हे वाचले तेव्हा इंग्रजाला दोन शिव्या दिल्या. मग ट्रंक उघडली. माझे आजोबा १९७४ मध्ये वारले. वारस नोंदीत नावे दोनच, माझे वडील आणि चुलते. आत्याचे नाव नाही. १९५६ चा वारसा कायदा तेव्हा होता, तो बौद्धांनाही लागू आहे, मुलगी वारस होती. तरी नाव नाही. ठीक आहे, म्हटले, जुनी माणसे, अडाणी. पण १९९८ ला माझे वडील गेले, तेव्हा वारसाचा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला. वंशावळ मी काढली. त्यात आजोबांच्या खाली दोनच रेघा मारल्या. तिसरी रेघ मी मारली नाही. तेव्हा मी वस्तीत भाषणे करत होतो, जयंतीच्या कमिटीत होतो. आत्या जुन्नरकडे दिली होती, भाऊबीजेला येत होती, लुगडे घेऊन जात होती. मला वाटले, चालते.

चावडीची पाळी जिने केली, जिच्या आईचे गोठ मोडून जमीन सुटली, तिचे नाव खोडायला १८८६ चा इंग्रज लागला नाही. तिचा शिकलेला भाचा पुरला.

२००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांच्या बरोबरीचा हिस्सा दिला, तेव्हाही मी गप्प राहिलो. पुढे आमच्या तुकड्यातला काही भाग रस्त्यात गेला. मोबदल्याचा कागद आला, आणि हक्कसोडपत्रावर आत्याची सही आणायचे काम भाऊकीने माझ्यावर टाकले. मी कागद घेऊन जुन्नरला गेलो. तिने चहा केला. कागद हातात घेऊन म्हणाली, "आण, कुठं अंगठा देऊ? आपल्या माणसात काय वाचायचंय?" तो कागद मी तसाच घडी करून परत आणला.

मग नवा अर्ज लिहिला. जुन्या वारस नोंदी अपुऱ्या आहेत, त्यात मयताच्या मुलीचे नाव राहिले आहे, ते दाखल करावे. कारण म्हणून 'नजरचुकीने' असे लिहायचा सल्ला एका वकिलाने दिला. मी तो शब्द लिहिला नाही. वारस माहीत असून नाव दिले नाही, असे लिहिले. चुलत भाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. घरात सौ. म्हणाली, वीस वर्षं उशीर केलात, आता जमिनीचे तुकडेच किती राहिलेत? तेही खरे आहे.

अर्जावर अर्जदार म्हणून आत्याची सही पाहिजे होती. तिने अंगठा द्यायला नकार दिला. म्हणाली, येसकराच्या पोरीचा अंगठा लई जागी लागलाय. नातीकडून पाटीवर नाव गिरवून घेतले, चार दिवस गिरवले, आणि मग सही केली. एक वेलांटी चुकली आहे. तहसीलच्या कारकुनाने ती वेलांटी बघून अर्ज बाजूला ठेवला होता, म्हणाला नाव जुळत नाही. आधार कार्ड जोडून पुन्हा दिला.

दोन तारखा झाल्या. पुढची दिवाळीनंतर आहे. आत्या येणार आहे, आदल्या रात्री मुक्काम आमच्याकडेच. ज्यांच्या घरात जुन्या पावत्या, सनदा, वारसाचे उतारे आहेत त्यांनी ते रविवारी वंदना झाल्यावर विहारात घेऊन यावेत, आम्ही तीन-चार जण बसतो. बहिणींची, आत्यांची नावे लिहून आणा, लग्न होऊन कुठे दिल्या तेही लिहा.

वेळ झाला, भन्तेजी घड्याळ बघताहेत.  जयभीम. नमो बुद्धाय.